आजीला सांगता येईल असा धडा हवा

मागच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी मुलं वर्गात न जाता मोठ्यांसोबतच उपासनेला बसली होती. पाळकसाहेबांनी मोशेवर संदेश दिला. तांबडा समुद्र, मागून धावत येणारं फारोचं सैन्य, लोकांची घाबरगुंडी, सगळं छान सांगितलं. बाहेर पडताना जिन्यात माझ्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने माझा हात ओढला आणि विचारलं, "टीचर, मोशे कोण?"

आम्ही त्याआधी सहा रविवार मोझेसच, म्हणजे मोशेच, शिकत होतो. तिला मिसर देशावर आलेल्या दहाच्या दहा पीडा क्रमाने पाठ होत्या, इंग्रजीत. जळतं झुडूप तिने स्वतः लाल-पिवळ्या क्रेप पेपरचं केलं होतं आणि ते घरी फ्रिजवर लावलंय असं तिच्या आईने मला सांगितलं होतं. आणि त्याच घरात तिची आजी रोज संध्याकाळी मराठी पवित्र शास्त्र उघडून बसते आणि मोशे म्हणते. म्हणजे सहा आठवडे नात एका माणसाबद्दल शिकत होती, आजी त्याच माणसाबद्दल वाचत होती, दोघी एकाच हॉलमध्ये बसत होत्या आणि दोघींना पत्ता नव्हता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, खरंच सांगते.

झालंय असं की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवी मुंबईतली मराठी मंडळी आहे, नाव लिहीत नाही कारण हा प्रश्न फक्त आमचा नाहीये, वाशीपासून खारघरपर्यंत आणि तिकडे ठाण्यातही जिथे जिथे मराठी उपासना चालते तिथे आज ना उद्या तो येणारच आहे, तर आमच्याकडे जूनपासून शब्बाथशाळेला, म्हणजे संडे स्कूलला, नवीन अभ्यासक्रम ट्रायलवर चालू आहे. परदेशी प्रकाशकाचा, पूर्ण इंग्रजी, व्हिडिओसकट. आता तो तीन वर्षांसाठी घ्यायचा की नाही हे कमिटीने ठरवायचंय आणि त्यावरून मंडळीत सरळ दोन गट पडलेत. तरुण आईवडील म्हणतात घ्या, लगेच घ्या, मुलं इंग्लिश मीडियमची आहेत. जुनी माणसं म्हणतात आपलं होतं त्यात काय वाईट होतं. मी एकोणीस वर्षं शिकवतेय आणि मला दोन्हीकडचं अर्धंअर्धंच पटतंय, म्हणून हे लिहायला बसले.

माझं म्हणणं सरळ आहे. अभ्यासक्रम नवा घ्या, नक्की घ्या, पण तो मुलांपर्यंत मराठीतून जाऊ दे. आणि तो चांगला की वाईट हे व्हिडिओच्या क्वालिटीवरून ठरवू नका, मूल दुपारी घरी जाऊन किंवा गावी फोन लावून तीच गोष्ट आजीला सांगू शकतं का यावरून ठरवा. सांगू शकलं तर धडा पोचला. नाही सांगू शकलं तर तो वर्गाच्या दारातच राहिला.

आधी जुन्याबद्दल खरं बोलूया, कारण जुन्याची बाजू घेणाऱ्यांपैकी बरेच जण गेली कित्येक वर्षं वर्गात डोकावलेलेसुद्धा नाहीत. आमच्याकडे अभ्यासक्रम असा नव्हताच. प्रत्येक टीचर आपल्याला आवडणारी गोष्ट शनिवारी रात्री ठरवायची. त्यामुळे नोहाचं तारू, दावीद आणि गल्याथ, दानिएल आणि सिंह, योना आणि मोठा मासा, उधळा पुत्र, फिरूनफिरून हेच. वयाच्या चौथ्या वर्षी आलेलं मूल चौदाव्या वर्षी बाहेर पडेपर्यंत गल्याथाला किती वेळा पडताना बघतं याचा हिशोब नाही, पण आमोस नावाचा संदेष्टा कोण होता, ईयोबाने देवाला काय काय विचारलं, बाबेलच्या बंदिवासात लोक किती वर्षं होते, हे त्याच्या कानावरून एकदाही जात नाही. मी मोठ्या मुलांना एकदा अब्राहाम, दावीद, मोशे आणि पौल ही चार नावं आधी कोण नंतर कोण अशी लावायला दिली होती तर दोघांनी येशूच्याही नंतरच्या पौलाला मोशेच्या आधी ठेवलं. दहा वर्षं दर रविवारी येणारी मुलं होती ती. दोष त्यांचा नव्हता. आम्ही त्यांना मणी दिले होते, दोरा कधी दिलाच नव्हता.

नव्या अभ्यासक्रमात हा दोरा आहे. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत तीन वर्षांत क्रमाने जायचं, लहानांचा आणि मोठ्यांचा विषय त्या रविवारी एकच, फक्त सांगण्याची पातळी वेगळी, म्हणजे दोन भावंडं घरी गेली की एकाच गोष्टीबद्दल बोलू शकतात. मला याचं फार कौतुक वाटतं.

दुसरी गोष्ट मला या अभ्यासक्रमाने शिकवली ती अशी की आम्ही प्रत्येक गोष्टीचं मूल्यशिक्षण करून टाकलं होतं. दावीदसारखं शूर व्हा, दानिएलसारखी प्रार्थना करा, योनासारखं पळू नका, योसेफाच्या भावांसारखा हेवा करू नका. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असतो त्यात आणि आमच्यात फरक काय राहिला मग? बापाने लाडक्या योसेफालाच खास झगा दिला आणि भावांनी हेव्याने त्याला विकलं, ही गोष्ट मी कितीतरी वर्षं 'हेवा वाईट' म्हणून सांगितली. यंदा नव्या पुस्तकाने सांगितलं की आधी गोष्ट पूर्ण सांगा आणि बोध सांगायच्या आधी मुलांना प्रश्न विचारू द्या. मी थांबले. तर एका सात वर्षांच्या मुलाने विचारलं, "पण बाबांनी एकालाच झगा का दिला?" वर्गात एकदम शांतता. प्रत्येकाच्या घरात कोणीतरी लाडकं असतंच ना. मग पाऊण तास आम्ही फक्त योसेफाच्या बापावर, याकोबावर बोललो, त्याच्या स्वतःच्या घरात लहानपणी आईचा लाडका आणि बापाचा लाडका असं कसं होतं तिथपर्यंत गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा असा तास झाला.

म्हणून म्हणते, जुनं ठेवा म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की एकदा येऊन वर्गात बसा.

आता दुसऱ्या बाजूकडे येते, आणि इथे माझ्याच वयाच्या आणि माझ्याहून लहान आईवडिलांशी मला भांडायचंय. तुम्ही म्हणता मुलं इंग्रजीत विचार करतात, मराठी लादलं तर कंटाळतील आणि मोठ्या हॉलमधल्या, बँड असलेल्या इंग्लिश चर्चला जातील. जाणारी गेलीच आहेत, मला माहितीये. पण ती मराठीला कंटाळून गेली असं मला नाही वाटत, ती गल्याथाला कंटाळून गेली. आणि इंग्रजीत विचार करतात म्हणता तर हे ऐका. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका मुलाचे आजोबा वारले. घरी प्रार्थनेला सगळे उभे राहून तेविसावं स्तोत्र म्हणत होते, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही'. गावाकडून आलेले चुलते, आत्या, शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायका, सगळ्यांना पाठ. त्या मुलालाही ते स्तोत्र पाठ आहे, पाठांतराच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालंय, पण इंग्रजीत. तो आजीच्या बाजूला गप्प उभा होता. थोड्या वेळाने तो नुसतेच ओठ हलवायला लागला. आजोबांच्या खाटेजवळ सगळं घर ज्या शब्दांना धरून उभं होतं ते शब्द आम्ही त्याला दिले नव्हते. आम्ही म्हणजे मी. त्याची टीचर मीच होते.

आणि झग्याचं अजून एक आहे. व्हिडिओतला योसेफ सात रंगांच्या पट्ट्यांचा कोट घालून फिरतो, कारण इंग्रजीत जुन्या भाषांतरापासून तो रंगीबेरंगी कोटच आहे. आमच्या घरातल्या मराठी पवित्र शास्त्रात तो 'पायघोळ झगा' आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ नेमका लागत नाही, काही जण रंगीत म्हणतात, काही जण लांब बाह्यांचा, पायापर्यंत येणारा म्हणतात. पायघोळ म्हटलं की मराठी माणसाला लगेच कळतं की हा कपडा घालून शेतात काम होत नाही, हा घरात बसवून ठेवलेल्या लाडक्याचा कपडा आहे, म्हणजे भावांचा राग कशावर होता ते एका शब्दात कळतं. रंगीत कोट बघून हे कळत नाही, उलट मुलं विचारतात की कलरफुल कोटवरून कोणी भावाला विकतं का. आपल्या भाषेत आपल्याला एवढी चांगली चावी मिळालीये आणि आपण ती खिशात ठेवून दुसऱ्याचं कुलूप बघत बसतोय.

मला यात सगळ्यात जास्त काय खटकतं सांगू? १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किती चर्चा झाली होती. मुलांवर भाषांचा बोजा, मराठीचं काय होणार, सगळे तावातावाने लिहीत होते, आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेतला तेव्हा लोकांनी आनंदाने मेसेज टाकले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हाही तेच. हे सगळं मनापासूनच होतं, मला शंका नाही. मग जो एक तास आपल्या स्वतःच्या हातात आहे, ज्यात सरकारचा जीआर नाही, बोर्डाची परीक्षा नाही, तिथे आपण चर्चा न करता मराठी सोडून देतोय. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांमध्ये मराठी सक्तीची झाली आहे, म्हणजे आमच्या मुलांना अक्षरं येतात. अडखळत वाचतात एवढंच. त्यांना वाचायला काही चांगलं, स्वतःचं वाटेल असं मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

इथे संडे स्कूल मुळात कशासाठी सुरू झालं ते आठवायला हवं. १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्सने ते सुरू केलं तेव्हा आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना सुट्टीच्या एकुलत्या एका दिवशी वाचायला शिकवणं हे त्यातलं मोठं काम होतं. बायबल हेच वाचनाचं पुस्तक. म्हणजे शब्बाथशाळा ही पहिल्यापासून वाचायला शिकवणारी शाळा आहे. मग दर रविवारी दहा-पंधरा मिनिटं मुलांनी शुभवर्तमानातल्या चार ओळी मराठीतून आळीपाळीने मोठ्याने वाचायच्या, यात जुनाट काय आहे? मी दोन महिने करून बघितलंय. पहिल्या रविवारी 'कफर्णहूम' या गावाच्या नावावर सगळी गाडी अडली, आता लहान मुलंसुद्धा तो शब्द म्हणून दाखवायला पुढे येतात.

आणि 'परदेशी आहे म्हणून नको' म्हणणाऱ्यांनाही इतिहास बघायला लागेल. ठरवून दिलेला अभ्यासक्रम ही कल्पनाच बाहेरची आहे, सगळ्या संडे स्कूलनी एका रविवारी एकच धडा घ्यायचा हे १८७२ मध्ये अमेरिकेत ठरलं, आणि भारतात संडे स्कूल युनियन १८७६ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे बाहेरून आलं नाही असं काय आहे? प्रश्न आल्यावर आपण त्याचं काय केलं हा आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचा माणूस, त्याने गोव्यात बसून ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांमध्ये लिहिली आणि ती १६१६ मध्ये छापली, कारण इथल्या माणसांच्या कानाला पुराणाची, ओवीची सवय होती हे त्याने ओळखलं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी परक्या चालींवर भागवून न घेता अभंग आणि भजनं लिहिली, आज आमच्या उपासनेत ती नसती तर काय उरलं असतं याचा विचार करा. मिशनने मराठी मुलांसाठी 'बालबोधमेवा' नावाचं मासिक एकोणिसाव्या शतकातच काढलं होतं. तेव्हा छपाई किती कठीण होती, आणि आज प्रत्येकाच्या हातात फोन असताना आम्ही म्हणतोय मराठीत करायला वेळ कोणाकडे आहे.

मला सगळ्यात जवळचं उदाहरण लहान मुलांच्या शिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांचं वाटतं, आणि ते आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातलं आहे, बोर्डी आणि कोसबाड आता पालघर जिल्ह्यात गेलं तरी. मॉन्टेसरीची पद्धत युरोपातली, तिची साधनं महागडी, लाकडाची, मोजूनमापून केलेली. ताराबाईंनी पद्धत घेतली, तिच्यातलं शहाणपण पूर्ण घेतलं, पण १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर साधनं आपल्याकडची वापरली, शंख, शिंपले, बिया, दगड, पानं. आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा मुलांच्या अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाडला सहकारी अनुताई वाघांसोबत तेच, मुलं गुरं राखायला जातात तर शाळा कुरणात. त्यांनी पद्धत नाकारली नाही आणि जशीच्या तशी उचललीही नाही. मला आमच्या कमिटीकडून एवढंच हवंय.

प्रत्यक्षात हे कसं होतं ते दोन धड्यांवरून सांगते, नाहीतर नुसतं बोलणं राहील.

पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, ज्यात पेरताना काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी, काही चांगल्या जमिनीत. व्हिडिओत मैलोन्मैल मक्याचं शेत, ट्रॅक्टर, टोपी घातलेला हसरा शेतकरी. नंतर पुस्तकात सांगितलेली ॲक्टिव्हिटी म्हणजे प्लास्टिकच्या कपात बी लावा. मुलांनी लावलं. पण एका मुलाने विचारलं की शेतकरी एवढा वेडा आहे का, बी रस्त्यावर कशाला टाकेल. मला उत्तर येत नव्हतं, मी कोपरखैरण्यात वाढलेली. मी म्हटलं तुझ्या आजोबांना विचार, त्यांची संगमनेरकडे शेती आहे. पुढच्या रविवारी तो उत्तर घेऊन आला. आजोबा म्हणाले, आपण पाभरीने पेरतो म्हणून बी ओळीत पडतं, पण आधी हाताने फोकून पेरायचे, मुठीने उधळायचे, त्यात थोडं बांधावर, वाटेवर जाणारच. आणि मुरमाड जमिनीत बी लवकर उगवतं पण टिकत नाही कारण खाली मुळाला जागा नसते, हेही त्यांनी सांगितलं, म्हणजे दाखल्यात जे लिहिलंय तेच, फक्त त्यांनी ते स्वतः बघितलं होतं. त्या मुलाने वर्गासमोर हात फिरवून फोकणं कसं असतं ते करून दाखवलं. आणि त्याच्या आईने मला नंतर सांगितलं की आजोबा त्या दिवशी अर्धा तास फोनवर बोलले, एरवी नातू दोन मिनिटांत फोन आईकडे देतो.

दुसरा, येशू पेत्र आणि याकोब-योहान या कोळ्यांना आपले शिष्य व्हायला बोलावतो तो धडा. आम्ही व्हिडिओ बाजूला ठेवला आणि मुलांना वाशीगावच्या खाडीकडे घेऊन गेलो. तिथे एक कोळी काका जाळं दुरुस्त करत बसले होते. मार्कच्या पहिल्या अध्यायात लिहिलंय की याकोब आणि योहान तारवात जाळी नीट करत होते, ती ओळ मुलं दर वेळी पटकन वाचून पुढे जातात. काकांनी दाखवलं की एक फाटका भाग विणायला किती वेळ जातो, आणि म्हणाले जाळं टाकून उठून जायचं म्हणजे घर टाकून जायचं. त्यांना धड्याबद्दल काही माहीत नव्हतं, मुलांनी विचारलं म्हणून ते बोलले. मला वाटतं 'ते लागलेच त्याच्यामागे गेले' याचा अर्थ त्या दिवशी मलाही पहिल्यांदा लागला.

नव्या पुस्तकाशिवाय मी हे केलं असतं का? नसतं केलं. पुस्तकाने मला सांगितलं की आधी मुलांना बघू द्या, हात लावू द्या, मग सांगा. पण खाडी कुठे आहे हे पुस्तकाला माहीत नव्हतं, ते आपल्यालाच माहीत आहे.

आता अडचणी, कारण कमिटीत याच विचारल्या जाणार. धडा पाऊण तासाहून खूप मोठा आहे, तिकडे त्यांना सव्वा तास मिळतो आणि वयाप्रमाणे वेगळ्या खोल्या असतात. आमच्याकडे भाड्याचा शाळेचा हॉल, मधे एक लाकडी पार्टिशन, चार ते चौदा वयाची बावीस मुलं आणि रविवारी हार्बर लाइनला किंवा ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक असला की दोन टीचर पोचतच नाहीत. एक जण नर्स आहे, तिची नाइट असते. त्यांचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, आमचं जूनला, मे महिन्यात अर्धी मंडळी गावी आणि उरलेल्यांची व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगचा धडा येतो तेव्हा आमची मुलं दिवाळीच्या सुट्टीतून नुकती परत आलेली असतात. आमचा कापणीचा सण त्यात कुठेच नाही. हे सगळं बघता माझं मत आहे की तीन वर्षांचा अभ्यासक्रम पाच वर्षांत करावा. काही बिघडत नाही. घाईने सगळे धडे संपवण्यापेक्षा महिन्यात तीनच घ्यावेत आणि चौथ्या रविवारी मुलांनीच सांगावं.

भाषांतर कोण करणार, हा प्रश्न तर पहिलाच येतो. शब्दशः भाषांतर नकोच आहे. टीचरनी महिन्यातून एका शनिवारी एकत्र बसायचं, तीन धडे वाचायचे, गोष्ट आपल्या शब्दांत मराठीतून सांगून बघायची, बर्फ आणि बेसबॉलची उदाहरणं काढून आपली घालायची. नावं दोन्ही शिकवायची, मोशे म्हणजेच मोझेस, पेत्र म्हणजेच पीटर, चांगला शोमरोनी म्हणजे गुड समॅरिटन, कारण मुलं उद्या इंग्रजी बायबलही वाचणार आहेत आणि वाचू देत. घरी न्यायचं कार्ड मराठीत, मोठ्या अक्षरात. आणि आठवड्याची गोष्ट एखाद्या मुलाच्याच आवाजात दोन मिनिटं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायची, गावच्या आज्यांना वाचता येत नसलं तरी ऐकता येतं.

आमच्यात तीन मुलं अशी आहेत ज्यांची आई मल्याळी किंवा तमिळ आहे आणि आजीची भाषा वेगळी आहे. त्यांच्यावर मी मराठी लादणार नाही. त्यांनी ती गोष्ट आपल्या आजीला तिच्या भाषेत सांगावी आणि मोशेला तिकडे काय म्हणतात ते आम्हाला येऊन सांगावं, बाकीची मुलं हे ऐकायला खूप उत्सुक असतात.

पैशांबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. लायसन्सची फी डॉलरमध्ये आहे आणि लहान मंडळीला ती जड आहे, म्हणून कोणीतरी सुचवलं की एका ओळखीच्या चर्चकडून फाइल घेऊन झेरॉक्स काढू, मुलांच्या कामाला कोण विचारतंय. मला हे अजिबात मान्य नाही. ज्या वर्गात आपण 'चोरी करू नको' ही आठवी आज्ञा शिकवतो त्या वर्गात चोरलेलं पुस्तक कसं उघडायचं? मराठी रूपांतर करून वाटायचं तर त्यालाही प्रकाशकाची लेखी परवानगी लागते. ती मागूया, एक पत्र लिहायचं आहे, आणि नाहीच दिली तर त्यांच्याकडून क्रमाची कल्पना शिकून आपले धडे आपण लिहूया, पवित्र शास्त्रावर कोणाचं लायसन्स नाही. आणि बजेटमध्ये मोठ्या टीव्हीसाठी जी रक्कम धरली आहे ती आधी टीचरच्या ट्रेनिंगला द्या. सात टीचरपैकी पाच जणींना आजपर्यंत कोणी एक दिवसही शिकवलेलं नाही, मुलांपुढे कसं उभं राहायचं, मोठ्या मुलाने अवघड प्रश्न विचारला तर काय करायचं, हॉलमध्ये मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं का हवीत, हे सगळं आम्ही चुकतमाकत शिकलो आणि त्या चुकांची किंमत मुलांनी दिली. व्हिडिओ लावला की टीचरला तयारी कमी लागते, म्हणून व्हिडिओ आवडतो, हेही खरं आहे आणि मला ते समजतं, सहा दिवस नोकरी करून कोण थकत नाही. पण मूल स्क्रीनवरच्या माणसाला प्रश्न विचारू शकत नाही. झग्याचा प्रश्न त्या मुलाने मला विचारला, कारण मी समोर होते आणि गप्प बसले होते.

कमिटीची मीटिंग दोन रविवारांनी आहे. मी एका तिमाहीची परवानगी मागणार आहे, हाच अभ्यासक्रम, मराठीतून, एवढ्या तीन महिन्यांसाठी, आणि मग बघा.

येत्या रविवारी माझ्या वर्गात आमोस आहे, पहिल्यांदाच. पुस्तकातल्या धड्यात ओळंबा आहे, तोही घेईन, पण एका मुलाचे बाबा तुर्भ्याला एपीएमसीच्या धान्य मार्केटमध्ये कामाला आहेत, त्यांनी जुना तागडीचा तराजू आणि वजनं आणून द्यायचं कबूल केलंय. त्यातलं एक किलोचं वजन खालून कोरलेलं आहे, वरून कळत नाही. मुलं स्वतः गहू मोजून बघतील की गिऱ्हाइकाच्या पिशवीत किती कमी पडला. मग आठवा अध्याय मराठीतून वाचायचा, जिथे व्यापारी माप लहान करतात, खोटी तागडी वापरतात आणि गव्हातला केरकचराही विकतात, त्यानंतर व्हिडिओ. संध्याकाळी कोणाकोणाच्या गावी फोन गेला ते मी वहीत लिहून ठेवणार आहे आणि ती वही मीटिंगला घेऊन जाणार आहे.